वाचकांचे प्रश्न : खरेदीदाराची विचारणा आपल्यापर्यंत का पोहोचत नाही?

गेल्या काही महिन्यांत ग्रामीण भागातील लहान उद्योजकांकडून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते. खरेदीदार म्हणतो की ईमेल पाठवला होता, आणि इकडे तो कुणी पाहिलेलाच नसतो. त्यांपैकी विदर्भातील चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट इतर प्रश्नांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : समुद्रपूर तालुक्यातील (जि. वर्धा) आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत कास्तकारांची वायगाव हळद विकली जाते. भौगोलिक मानांकन असल्यामुळे परराज्यांतील खरेदीदारही आमची चौकशी करतात. कंपनीचा ईमेल जीमेलवर असून संचालक मंडळातील दोघे जण तो मोबाइलवर पाहतात. नागपूरच्या एका प्रदर्शनात कोचीच्या एका मसाला व्यापाऱ्याने आम्हाला सांगितले की मार्चमध्ये त्याने दोनदा ईमेल करून हळकुंडाचा दर विचारला होता आणि उत्तर न आल्याने शेवटी दुसरीकडून माल उचलला. आम्ही जीमेलमध्ये त्याच्या कंपनीच्या नावाने शोध घेतला, पण काहीच सापडले नाही. ती पत्रे स्पॅममध्ये गेली असतील काय? गेली असल्यास परत मिळतील काय? आणि हा स्पॅम फिल्टर बंदच करून टाकता येईल काय?

उत्तर : ती पत्रे स्पॅममध्ये, म्हणजे नकोशी वा संशयित पत्रे आपोआप जातात त्या कप्प्यात, गेली असण्याची शक्यता मोठी आहे आणि तसे झाले असल्यास ती आता आपल्या खात्यात नाहीत, कारण जीमेल स्पॅममधील प्रत्येक पत्र 30 दिवसांनंतर आपोआप कायमचे काढून टाकते. परंतु पाठवणाऱ्याच्या ‘पाठवलेले’ या कप्प्यात त्याची प्रत सहसा राहते. त्या व्यापाऱ्याला फोन करून तीच पत्रे पुन्हा पाठवण्याची विनंती करावी. यंदाचा सौदा गेला असला तरी कोणता दर्जा, किती माल आणि कोणत्या बांधणीत हवा होता हे त्यातून कळेल आणि पुढच्या हंगामात आपल्यालाच आधी पत्र लिहिता येईल. त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : मार्चमध्ये ईमेल पाठवल्यावर त्याला ‘पत्र पोहोचू शकले नाही’ अशा अर्थाचे परतीचे पत्र आले होते काय?

या दुसऱ्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. पत्र स्पॅममध्ये गेले तर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने ते पोहोचलेले असते. परतीचे पत्र आले असेल तर मात्र दोष फिल्टरच्या वर्गवारीचा नसून पत्र आपल्या दारातूनच परत गेले आहे, आणि ग्रामीण भागात त्याचे नेहमीचे कारण म्हणजे भरलेली साठवण. गूगलच्या मोफत खात्याला मिळणारी 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींची मिळून असते, आणि आता अँड्रॉइड मोबाइलवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही तीच जागा खातो. कंपनीचा ईमेल ज्या मोबाइलवर उघडलेला आहे, त्याच खात्यात लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील सुप्रभातची चित्रे साठत गेली, तर एक दिवस जागा संपते आणि नवे पत्र स्वीकारले जात नाही. म्हणून सर्वप्रथम खात्याची उरलेली जागा तपासावी आणि कंपनीच्या खात्यात कुणाचेही खासगी फोटो व बॅकअप जाणार नाहीत अशी मोबाइलमध्ये व्यवस्था करावी.

शोध घेऊनही काही सापडले नाही, याचा अर्थ पत्र आलेच नाही असा होत नाही. जीमेलचा साधा शोध स्पॅम आणि कचरापेटी हे दोन कप्पे वगळूनच चालतो. संगणकावर शोधाच्या चौकटीतील तपशीलवार पर्याय उघडून ‘मेल, स्पॅम आणि कचरापेटी’ असा सर्वत्र शोधण्याचा पर्याय निवडावा लागतो. आपण हा शोध 30 दिवसांच्या आत घेतला असता तरीही साध्या पद्धतीने ती पत्रे दिसली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्पॅम फिल्टर पत्र वाचून त्यातील एखाद्या शब्दावरून निकाल देतो, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. पत्र ज्या सर्व्हरवरून (पत्रे पाठवणाऱ्या संगणकावरून) निघाले त्याला त्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार आहे काय, त्या सर्व्हरची आणि त्या डोमेनची (ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाची) पूर्वकीर्ती कशी आहे, पत्रातील दुवे कुठे नेतात, अशाच धर्तीची पत्रे इतर लोकांनी स्पॅम म्हणून कळवली आहेत काय आणि आपला त्या पत्त्याशी पूर्वी काही पत्रव्यवहार झालेला आहे काय, अशा अनेक गोष्टींचा एकत्र विचार करून तो अंदाज बांधतो. यांतील शेवटची गोष्ट धंद्याच्या मुळावर येते. आपले संचालक, आपले सनदी लेखापाल, जिल्हा उद्योग केंद्र, जुने गिऱ्हाईक या साऱ्यांशी आपला पत्रव्यवहार आधीपासून असतो, त्यामुळे त्यांची पत्रे सुखरूप येतात. नवा खरेदीदार हा व्याख्येनेच अनोळखी असतो. त्याचे पत्र पहिलेच असते, त्यात दर विचारलेला असतो, बहुधा एखादी जोडलेली फाइल असते, आणि तो स्वतः लहान व्यापारी असेल तर त्याच्या डोमेनची तांत्रिक मांडणीही कुणी नीट केलेली नसते. म्हणजे जे पत्र धंदा वाढवणारे असते, तेच संशयित ठरण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. नेहमीची पत्रे व्यवस्थित येत आहेत म्हणून आपला ईमेल ठीक चालला आहे, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

फिल्टर बंद करण्याची सोय जीमेलच्या साध्या खात्यात नाही, आणि ती असती तरी मी तसा सल्ला दिला नसता. कंपनीचा ईमेल दोघे जण पाहतात. त्यांच्यापैकी एकाने बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पत्रातील दुव्यावर पासवर्ड टाकला, तर कास्तकारांच्या चुकाऱ्याचे पैसे धोक्यात येतील. फिल्टर राहू द्यावा, पण त्याचा निकाल अंतिम मानू नये.

त्यासाठी पहिली व सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे स्पॅमचा कप्पा ठरावीक वेळी, ठरावीक माणसाने पाहणे. हळद निघून उकडणे, वाळवणे व पॉलिश करणे सुरू होते तेव्हापासून माल संपेपर्यंत हे काम रोज व्हावे, एरवी आठवड्यातून दोनदा झाले तरी चालेल. मोबाइलवर जीमेल उघडून वरच्या डाव्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांवर बोट ठेवले की कप्प्यांची यादी उघडते. ती बरीच खाली सरकवल्यावर स्पॅम दिसतो. या कप्प्यात आलेल्या पत्राची सूचना मोबाइलवर वाजत नाही, त्यामुळे तो आठवणीने उघडावाच लागतो. दोघे संचालक ईमेल पाहतात असे आपण लिहिले आहे. माझ्या मते अडचण तिथेही आहे, कारण दोघांवर सोपवलेले काम प्रत्येकाला दुसऱ्याने केले असेल असे वाटते. संचालक मंडळाच्या बैठकीत एकाचे नाव निश्चित करावे आणि तो बाहेरगावी गेल्यास काम कुणी पाहायचे हेही ठरवावे.

खरे पत्र सापडल्यावर ते केवळ वाचून उत्तर देऊ नये. आधी ‘हे स्पॅम नाही’ असे कळवावे, म्हणजे ते इनबॉक्समध्ये येते आणि त्या पत्त्याबाबत फिल्टरलाही धडा मिळतो. नंतर तो पत्ता संपर्कसूचीत जोडावा. याशिवाय संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये स्वतःचा एक नियम तयार करता येतो. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ही सोय नाही, म्हणून तालुक्याला गेल्यावर एखाद्या विश्वासू माणसाच्या संगणकावर बसून ते काम उरकावे आणि उठताना खात्यातून बाहेर पडण्यास विसरू नये. नियमात ‘हळद’, ‘हळकुंड’, ‘वायगाव’ हे शब्द देवनागरीत आणि वायगाव, टर्मरिक, करक्युमिन (हळदीतील पिवळा घटक) या शब्दांची इंग्रजी रूपे इंग्रजी अक्षरांत लिहावीत, प्रत्येक दोन शब्दांच्या मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांतील ‘ओआर’ ठेवावे, आणि पुढच्या पानावर ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नये’ या अर्थाचा पर्याय निवडावा. ‘दर’, ‘ऑर्डर’, ‘पेमेंट’ असे सर्वसामान्य शब्द त्यात घालू नयेत. ते प्रत्येक फसव्या पत्रात असतात आणि नियमाचा उपयोगच संपतो. आपल्या मालाचे विशिष्ट शब्द फसव्या पत्रांत क्वचित येतात, म्हणून तेच कामाचे.

स्पॅम पाहताना खरी विचारणा कशी ओळखावी, हे आपण विचारलेले नाही, पण त्यावाचून हे उत्तर अपुरे राहील. हळदीचा खरा खरेदीदार हळदीबद्दल बोलतो. हळकुंड हवे की भुकटी, पॉलिश केलेले की विनापॉलिश, ओलावा किती, करक्युमिनच्या तपासणीचा अहवाल आहे काय, किती किलोच्या पोत्यात बांधणी, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक काय, माल कुठे पोहोचवायचा, असे त्याचे प्रश्न असतात. खोट्या पत्रात माल कोणता हे बहुधा लिहिलेलेच नसते. ‘आपले उत्पादन आम्हाला मोठ्या प्रमाणात हवे आहे, सोबतची ऑर्डर पाहा’ एवढ्यावर ते थांबते, आणि ती ‘ऑर्डर’ म्हणजे पासवर्ड मागणारे पान किंवा झिप फाइल असते. काही पत्रांत आधी नोंदणी शुल्क, नमुना शुल्क किंवा परदेशी बँकेचा खर्च भरण्यास सांगितले जाते. अशा ठिकाणी एक रुपयाही पाठवू नये. संशय वाटल्यास पत्राला उत्तर देण्याऐवजी त्या कंपनीचा फोन क्रमांक स्वतंत्रपणे शोधून तिथे बोलावे. पैसे गेलेच तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण जितका उशीर, तितके ते पैसे थांबवणे कठीण होते.

शेवटी, विचारणेसाठी ईमेल हा एकच रस्ता ठेवू नये. पोत्यावरील लेबल, माहितीपत्रक आणि प्रदर्शनातील फलक या सर्व ठिकाणी ईमेलच्या शेजारी फोन क्रमांक द्यावा आणि त्याखाली ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास कृपया फोन करावा’ हे वाक्य मराठी, हिंदी व इंग्रजीत छापावे. कोचीच्या व्यापाऱ्याला हे वाक्य दिसले असते तर त्याने फोन केला असता, असे मला मनापासून वाटते. दोनदा ईमेल करणाऱ्या माणसाला माल खरोखरच हवा होता.

प्रश्न : ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळ आमचे चार खोल्यांचे होमस्टे आहे. वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे. पर्यटक फॉर्म भरतात, त्यांना ‘धन्यवाद’ असे दिसते, पण त्यांतील अनेक चौकश्या आम्हाला मिळतच नाहीत. स्पॅममध्ये काही सापडतात, काही तिथेही नसतात. वेबसाइट बनवणारा म्हणतो की त्याच्या बाजूने सर्व बरोबर आहे.

उत्तर : पर्यटकाला दिसणारा ‘धन्यवाद’ हा शब्द फक्त एवढेच सांगतो की वेबसाइटने पत्र पुढे सोडले. ते पोहोचले की नाही, हे त्या शब्दाला ठाऊक नसते. आपल्या पत्रावरून तीन वेगवेगळे दोष संभवतात आणि ते तिन्ही एकाच वेळी असू शकतात.

पहिला दोष फॉर्मच्या मांडणीत असतो. पर्यटकाने स्वतःचा ईमेल पत्ता भरला की अनेक फॉर्म तोच पत्ता प्रेषक म्हणून लावून पत्र पाठवतात. पत्रावर नाव पर्यटकाच्या जीमेलचे किंवा याहूचे, आणि ते निघते मात्र आपल्या वेबसाइटच्या सर्व्हरवरून. म्हणजे पाकिटावर पत्ता पुण्याचा आणि शिक्का चंद्रपूरचा, असा प्रकार होतो. स्वीकारणारी यंत्रणा याला तोतयेगिरी समजते. याहूने तर 2014 पासून जाहीर धोरणच ठेवले आहे की आपल्या नावाने परक्या सर्व्हरवरून आलेली पत्रे स्वीकारू नयेत. त्यामुळे याहूचा पत्ता देणाऱ्या पर्यटकाची चौकशी स्पॅममध्येही दिसत नाही, ती दारातूनच नाकारली जाते. काही सापडतात आणि काही सापडत नाहीत, याचे एक कारण हे असू शकते. उपाय असा की प्रेषक म्हणून आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवावा, पर्यटकाचा पत्ता केवळ ‘उत्तर कुठे द्यावे’ या रकान्यात घालावा, आणि पत्र सर्व्हरच्या साध्या यंत्रणेऐवजी पासवर्डने प्रमाणित केलेल्या एसएमटीपी (ईमेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) जोडणीतून पाठवावे. वेबसाइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर यासाठी तयार प्लगइन (जोडून घेण्याचे छोटे प्रोग्राम) मिळतात.

दुसरा दोष अधिक लपलेला असतो. पूर्वी आपला ईमेल वेबसाइटच्याच होस्टिंगवर (वेबसाइट ठेवण्यासाठी घेतलेल्या सर्व्हरवर) होता आणि नंतर तो गूगल किंवा झोहो यांसारख्या ईमेल सेवेकडे नेला, असे झाले आहे काय? तसे असल्यास होस्टिंगच्या सर्व्हरला अजूनही वाटत असते की या डोमेनची टपालपेटी आपल्याकडेच आहे. मग बाहेरच्या माणसाने थेट पाठवलेले पत्र नव्या ठिकाणी बरोबर येते, परंतु वेबसाइटच्या फॉर्मचे पत्र त्या सर्व्हरच्या आत, कुणीही न उघडलेल्या जुन्या पेटीत जाऊन पडते. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर, ‘ईमेल राउटिंग’ नावाचे पान असते. तिथे ‘लोकल’ ऐवजी ‘रिमोट’ निवडावे लागते. हे करण्याआधी ती जुनी पेटी वेबमेलमधून एकदा उघडून पाहावी. तिथे मागच्या हंगामाच्या चौकश्या जशाच्या तशा पडलेल्या आढळण्याची शक्यता आहे.

तिसरा दोष पत्र पुढे वळवण्याचा. डोमेनच्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र आपोआप खासगी जीमेलकडे वळवले, तर ते मूळ प्रेषकाच्या सर्व्हरवरून न येता आपल्या होस्टिंगवरून आल्यासारखे दिसते आणि प्रेषकाच्या ओळखीची एक तपासणी तिथेच फसते. शिवाय डोमेनवर येणारा खरा कचराही आपणच जीमेलकडे पाठवत राहतो, त्यामुळे आपल्या सर्व्हरची पत उतरते. वळवणे बंद करून डोमेनची टपालपेटी मोबाइलच्या ईमेल अ‍ॅपमध्ये स्वतंत्र खाते म्हणून आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवून मोबाइलवर दाखवणाऱ्या) पद्धतीने जोडावी.

वेबसाइट बनवणाऱ्याशी वाद घालण्याऐवजी त्याला समोर बसवून चाचणी घ्यावी. आपल्या ओळखीच्या माणसांकडून जीमेल, याहू आणि आउटलुक अशा तीन वेगळ्या पत्त्यांनी फॉर्म भरून घ्यावा आणि प्रत्येक पत्र कुठे पोहोचते ते दोघांनी मिळून पाहावे. जीमेलमध्ये पोहोचलेल्या पत्राचे मूळ स्वरूप संगणकावर उघडले की वरच्या बाजूला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या प्रेषकाच्या ओळखीच्या तीन तपासण्यांचा (त्यांचा अर्थ पुढच्या उत्तरात दिला आहे) निकाल लिहिलेला असतो. ‘पास’ नसेल तर ‘माझ्या बाजूने सर्व बरोबर’ हे म्हणणे टिकत नाही. तसेच फॉर्म भरताच त्याची नोंद वेबसाइटच्या डेटाबेसमध्येही साठली पाहिजे, असा आग्रह धरावा. ईमेल हरवला तरी पर्यटकाचे नाव, फोन आणि तारखा हाती राहतात. 30 जूननंतर ताडोबाचा गाभा क्षेत्रातील भाग पावसाळ्यासाठी बंद होतो आणि 1 ऑक्टोबरला पुन्हा उघडतो; ऑक्टोबरच्या चौकश्या येण्याआधीच, जुलैमध्ये, हे सर्व उरकून घ्यावे.

प्रश्न : मोहाडी तालुक्यात (जि. भंडारा) आमचा कोसा साड्यांचा व्यवसाय आहे. आम्ही मुंबई-पुण्याच्या दुकानांना दरपत्रक पाठवतो, पण ‘तुमचा ईमेल स्पॅममध्ये होता’ असे उत्तर ऐकावे लागते. स्वतःचे डोमेन घेतले आहे, तरीही असे होते. मराठीत लिहिल्यामुळे पत्र स्पॅममध्ये जाते काय?

उत्तर : केवळ मराठीत लिहिल्यामुळे पत्र अडत नाही. मात्र जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला, तर समोरच्या संगणकावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. छपाईच्या कामासाठी असे फॉन्ट आपल्याकडे अजून सर्रास वापरले जातात. असा मजकूर पाहून दुकानदार स्वतःच पत्र स्पॅम म्हणून कळवतो आणि पुढची पत्रेही त्याच वाटेने जातात. ईमेल नेहमी युनिकोड मराठीतच लिहावा. साड्यांचे फोटो व दर एकाच मोठ्या चित्रात घालून, एकही ओळ न लिहिता पाठवणेही टाळावे. चार ओळी साध्या मजकुराच्या लिहाव्यात आणि दरपत्रकाची छोटी पीडीएफ जोडावी.

नवीन डोमेन घेणे पुरेसे नसते. त्या डोमेनच्या डीएनएस नोंदींत (डोमेनच्या तांत्रिक माहितीच्या सार्वजनिक नोंदींत) तीन गोष्टी असाव्या लागतात. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावर होणारी अशी डिजिटल स्वाक्षरी जिच्यामुळे पत्र वाटेत बदललेले नाही हे पडताळता येते. आणि डीमार्क म्हणजे या दोन्ही तपासण्या फसल्यास काय करावे याची स्वीकारणाऱ्याला दिलेली सूचना. फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहू यांनी हे नियम अधिक कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. आपल्यासारख्या लहान प्रेषकालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवेच. माझा सल्ला असा की आकार लहान असला तरी तिन्ही करून घ्याव्यात. यात एक चूक फार वेळा होते : एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते, पण होस्टिंगवाला एक आणि ईमेल सेवा देणारा दुसरी अशा दोन नोंदी टाकून जातात, आणि मग दोन्ही निकामी होतात. दोन्ही सर्व्हरची नावे एकाच नोंदीत घालावी लागतात. गूगलची सशुल्क सेवा घेतली असल्यास डीकेआयएम व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन स्वतः सुरू करावे लागते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आणि एक विनंती. दुकानांच्या पत्त्यांची विकत मिळणारी यादी घेऊन एकाच पत्रात शंभर पत्ते घालू नयेत. न मागितलेले पत्र पाहून दहा जणांनी ते स्पॅम म्हणून कळवले, की ज्या दुकानाने खरोखर दरपत्रक मागितले होते त्याच्याकडेही आपले पत्र संशयित म्हणूनच पोहोचते. प्रत्येक दुकानाला वेगळे पत्र, दुकानदाराचे नाव घालून, आधी फोनवर बोलून मग पाठवावे. कोसा हातमागावर एकेक साडी करून विकणाऱ्याला हे जड जाऊ नये.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात आमच्या महिला बचत गटाचे बांबूच्या वस्तूंचे काम आहे. गटाचा ईमेल आमच्या गावाजवळच्या सेवा केंद्रातील मुलाने काढून दिला होता. पासवर्ड त्याच्याकडेच आहे. तो वेळ मिळेल तेव्हा पाहून सांगतो. ऑर्डर येतात की नाही, आम्हाला कळत नाही.

उत्तर : ताई, आपल्या बाबतीत फिल्टरचा विचार नंतर करू, आधी खाते आपल्या हाती आले पाहिजे. त्या मुलाने मदतच केली आहे, म्हणून त्याच्याशी गोडीने बोलून, त्याच्यासमोर बसून पुढील बदल करून घ्यावेत. खात्याच्या सुरक्षाविषयक पानावर खाते परत मिळवण्यासाठीचा मोबाइल क्रमांक त्याचा असेल. तो काढून गटाच्या अध्यक्षांचा क्रमांक घालावा, दुसरा पर्यायी ईमेल असल्यास तोही बदलावा आणि त्यानंतरच पासवर्ड बदलावा. हाच क्रम ठेवावा, कारण क्रमांक त्याचाच राहिला तर नवा पासवर्डही त्याच्या मोबाइलवरून बदलता येतो. नवा पासवर्ड गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत उघडा लिहू नये. अध्यक्ष व सचिव या दोघींनीच तो जपावा.

एखादे गूगल खाते दोन वर्षे कुणीही वापरले नाही तर ते हटवले जाऊ शकते, त्यामुळे ऑर्डर नसल्या तरी खाते उघडत राहावे. गटातील ज्या ताईंच्या मोबाइलला गावात नीट नेटवर्क मिळते, त्यांच्या मोबाइलवर हे खाते जोडावे. पहिल्याच दिवशी स्पॅमचा कप्पा उघडून शेवटपर्यंत वाचावा, आणि त्यात टोपल्या, सुपे, दिवे किंवा राख्या मागणारे एखादे पत्र सापडले तर ते कितीही जुने वाटले तरी त्यातील क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा.